आजची रोजी, आजचा भरवसा

"अल्लाह मालिक आहे" हे वाक्य आपल्या बाजारपेठांत दोन प्रसंगी ऐकू येते. एक दुकानदार फजरनंतर बाहेर पडतो, माल उतरवून घेतो, काटा तपासतो, भाव ठरवतो आणि मग म्हणतो, अल्लाह मालिक आहे. दुसरा अकरा वाजता दुकान उघडतो, उधारीची वही चार-चार दिवस लिहीत नाही, संपलेला माल मागवत नाही, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले की तोही म्हणतो, अल्लाह मालिक आहे. शब्द तेच. परंतु पहिल्याच्या तोंडी तो तवक्कुल आहे आणि दुसऱ्याच्या तोंडी आळसावर घातलेले पांघरूण. व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या आठवड्याच्या धड्यात आपण या तवक्कुलचाच अभ्यास करणार आहोत. तोही महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने नव्हे, तर एका दिवसाच्या हिशेबाने. कारण आपल्यापैकी बहुतेकांचा गल्ला रोज भरतो आणि रोज रिकामा होतो, आणि काळजीही रोजच येते.

'तवक्कुल' आणि 'वकील' हे दोन्ही शब्द अरबीच्या एकाच धातूतून आले आहेत. अल-वकील हे अल्लाहच्या पवित्र नावांपैकी एक. ज्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वकीलपत्रावर सही केली म्हणजे बाजू मांडण्याचे काम वकिलाचे. पण कागदपत्रे आणून देणे, तारखेला हजर राहणे आणि खरे सांगणे हे पक्षकाराचेच काम राहते. कागद घरी ठेवून, तारखा चुकवून "मी वकील केला आहे" असे म्हणणाऱ्याचा दावा काय होतो ते आपण पाहिलेले आहे. आणि वकील केल्यावरही रात्रभर जागून त्याच्या वतीने मनातल्या मनात युक्तिवाद करीत बसणाऱ्याने वकील केला तरी कशासाठी? तवक्कुलमध्ये या दोन्ही चुका होतात. आळशी माणूस पहिली करतो आणि कष्टाळू माणूस दुसरी. आपले वाचक बहुतांशी कष्टाळू आहेत, म्हणून दुसऱ्या चुकीबद्दल जास्त लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

दिवसाचे माप

कुरआनच्या लुकमान या सूरहच्या शेवटच्या आयतीत ज्या पाच गोष्टींचे ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे असे सांगितले आहे, त्यात उद्या माणूस काय कमावणार ही एक गोष्ट आहे. कयामत कधी येणार, पाऊस कधी पडणार, गर्भात काय आहे, मृत्यू कोणत्या भूमीवर येणार, यांच्या रांगेत उद्याची कमाई बसवलेली आहे. व्यापाऱ्याने यावर थोडे थांबून विचार करावा. आपण उद्याचा अंदाज बांधू शकतो, तयारी करू शकतो, परंतु उद्याच्या गल्ल्याची रक्कम आज लिहू शकत नाही.

तिर्मिजीमधील एका हदीसनुसार, ज्याची सकाळ आपल्या माणसांत सुरक्षितपणे झाली, ज्याचे शरीर धडधाकट आहे आणि ज्याच्याजवळ त्या दिवसापुरते अन्न आहे, त्याच्यासाठी जणू सारी दुनिया गोळा करून दिली आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. येथे माप एका दिवसाचे आहे. सुरक्षितता, आरोग्य आणि आजची भाकर, या तीन गोष्टी असल्या की त्या दिवसाचे भांडवल पूर्ण झाले. आपण मात्र बहुधा उलटा हिशेब मांडतो. आजचे जेवण पोटात असते आणि सहा महिन्यांनंतरच्या हप्त्याच्या काळजीने तेही गोड लागत नाही.

पाखराची हदीस सर्वांना ठाऊक आहे. अल्लाहवर जसा भरवसा ठेवायला हवा तसा ठेवलात तर पाखरांना मिळते तशी रोजी तुम्हाला मिळेल, ती सकाळी उपाशी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, असा तिचा आशय. हजरत उमर (रजि.) यांनी ती सांगितली आहे. या हदीसचा आधार घेऊन कोणी हातावर हात ठेवून बसू लागला तर त्याने इमाम अहमद बिन हंबल यांचे म्हणणे लक्षात घ्यावे. या हदीसमध्ये बसून राहण्याचा नव्हे, रोजी शोधण्याचा पुरावा आहे, कारण पाखरू घरट्यातून निघते, असे ते समजावीत. मशिदीत बसून "माझी रोजी येथेच येईल" म्हणणाऱ्या माणसाबद्दल विचारले असता, त्याला ज्ञान नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. आम्ही आणखी एक गोष्ट जोडू. ती हदीसमध्ये नाही, आमचे निरीक्षण आहे. ज्या झाडाची फळे संपली त्या झाडावर पाखरू हट्टाने बसून राहत नाही. आपल्याकडे पिंजाऱ्यांचा धंदा घ्या. एकेकाळी धुनकीचा आवाज आला की गल्लीत लोक गाद्या-रजया घेऊन बाहेर येत. फोमच्या तयार गाद्यांनी ते काम खाल्ले. ज्यांनी वेळीच गादी-सोफ्याचे दुकान टाकले किंवा दुसरे कसब धरले त्यांचा तवक्कुल कमी होता आणि जे धुनकी धरून बसले त्यांचा जास्त होता, असे कोणी समजू नये. रोजी देणारा बदलत नाही. ती यायची वाट बदलते.

सकाळची वेळ आणि बोहनीचा वहम

एका दिवसाचा भरवसा म्हटला की त्या दिवसाची सुरुवात महत्त्वाची ठरते. आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत दे, अशी दुआ प्रेषित (स.) यांनी केली होती. ही हदीस सांगणारे हजरत सख्र गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये त्यांच्याविषयी असे नमूद आहे की, ते आपला व्यापारी माल दिवसाच्या पहिल्या प्रहरी रवाना करीत, आणि त्यांची संपत्ती पुष्कळ वाढली. हदीस ऐकून 'सुब्हानल्लाह' म्हणणारे अनेक असतील. या सहाबींनी तिचे वेळापत्रक केले. बागवान बंधू, मच्छीवाले, बेकरीवाले यांना पहाटेचे महत्त्व सांगावे लागत नाही, कारण मार्केट यार्डातला लिलाव कोणासाठी थांबत नाही. परंतु कापड, कटलरी, मोबाईल, हार्डवेअर या धंद्यांत आपली दुकाने उशिरा उघडतात ही तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नाही.

सकाळीच आणखी एक परीक्षा होते, ती बोहनीची. पहिले गिऱ्हाईक भाव करून निघून गेले की कित्येक दुकानदारांचा चेहरा पडतो. "आज दिवस खराब जाणार" हे मनात येते, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात कडवटपणा येतो, आणि दिवस खरोखरच खराब जातो. काही जण बोहनी हुकू नये म्हणून तोट्यात माल देतात. काहींच्या दारावर लिंबू-मिरची दिसते, आणि ही दुकाने केवळ इतरांची असतात असे नाही. अपशकुन मानणे हा शिर्कचा प्रकार आहे, हे प्रेषित (स.) यांनी तीनदा सांगितल्याची नोंद अबू दाऊदमध्ये आहे. त्याच हदीसमध्ये पुढे असेही येते की, असा विचार प्रत्येकाच्या मनाला चाटून जातो, परंतु अल्लाह तवक्कुलच्या योगे तो दूर करतो. म्हणजे विचार मनात येणे हा गुन्हा नव्हे. त्याच्या सांगण्यावरून दुकान चालवणे हा आहे. प्रेषितांना (स.) चांगला शब्द मात्र आवडत असे. म्हणून पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ लागले तर "पुन्हा या" हे हसून म्हणावे. परत आले तर तेच गिऱ्हाईक येते, लिंबू आणून देत नाही.

साठवण म्हणजे अविश्वास काय?

आता एक प्रश्न येथे उभा राहणारच. एका दिवसाचा भरवसा म्हणजे उद्यासाठी काहीच ठेवू नये असे आहे काय? काही सूफी बुजुर्गांच्या चरित्रांत रात्री घरात एक दिरहमही न ठेवल्याचे किस्से असतात. ते वाचून बायकामुलांच्या वाट्याचे दान करून टाकणारे महाभागही असतात. कुरआन आणि हदीसमध्ये याचे उत्तर संदिग्ध नाही.

हजरत यूसुफ (अ.) यांनी स्वप्नाचा अर्थ सांगताना सात वर्षांच्या पेरणीचा बेत सांगितला. खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसांतच राहू द्यावे, पुढची सात वर्षे दुष्काळाची आहेत, असा तो बेत होता. त्यांचे वडील हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना इजिप्तमध्ये पाठवताना सर्वांनी एकाच दरवाजाने न शिरता वेगवेगळ्या दरवाजांनी शिरावे अशी सूचना केली, आणि त्याच श्वासात सांगितले की आपण अल्लाहच्या निर्णयापुढे काही करू शकत नाही, आपला भरवसा त्याच्यावरच आहे. सूचना आणि भरवसा, दोन्ही एकाच आयतीत आहेत. प्रेषित (स.) बनू नजीरच्या खजुरींतून आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न बाजूला काढीत, असे बुखारीमध्ये आहे. आणि त्याच बुखारीमध्ये हेही आहे की, त्यांचे निधन झाले त्या वेळी त्यांचे चिलखत तीस साअ जवांच्या मोबदल्यात एका ज्यूकडे गहाण होते. साठवण होती, परंतु दारात गरजू आला की ती त्याच्यासाठी निघत असे, असा खुलासा हदीसच्या भाष्यकारांनी केला आहे. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले आणि सारी संपत्ती दान करू इच्छित होते, तेव्हा एक तृतीयांशाच्या वर जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडणे चांगले, हे कारण सांगितले गेले.

यमनचे काही लोक शिदोरी न घेता हजला येत, आम्ही तवक्कुल करणारे आहोत असे म्हणत, आणि मक्केत येऊन लोकांकडे मागत. त्यांच्यासंदर्भात सूरह बकरहची शिदोरी बरोबर घेण्याची आयत अवतरली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात. उंट बांधू की मोकळा सोडून भरवसा ठेवू, हे विचारणाऱ्याला मिळालेले उत्तर तर मुलांनाही पाठ असते. आधी बांध. आजच्या दुकानात उंट बांधणे म्हणजे काय? उधारी लिहून ठेवणे हे पहिले. कुरआनची सर्वांत मोठी आयत कर्ज लिहिण्याविषयी आहे. लेखनिक, साक्षीदार, रक्कम लहान असो वा मोठी ती लिहिण्याचा कंटाळा न करणे, हे सर्व तिच्यात आहे. तरीही "आपलाच माणूस आहे, लिहायचे काय" म्हणून भावाभावांत बोलणे बंद झालेली दुकाने प्रत्येक गावात दाखवता येतील.

साठवण आणि साठेबाजी यांतला फरक मात्र पक्का ध्यानात ठेवावा. घरासाठी वर्षाचे धान्य भरणारा आपल्या कुटुंबाची सोय करतो. लोकांच्या गरजेची वस्तू भाव चढावा म्हणून गोदामात दाबून ठेवणारा लोकांच्या आजवर आपला उद्या बांधतो. सही मुस्लिममध्ये त्याला गुन्हेगार म्हटले आहे. मदीनेत भाव चढले, लोकांनी प्रेषितांना (स.) भाव ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा भाव ठरवणारा, तंगी आणणारा आणि विपुलता देणारा अल्लाह आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला. आपल्यावर कोणाचा जुलूम झाल्याचा दावा असू नये अशी इच्छाही त्यांनी त्याच वेळी व्यक्त केली. बाजारावर इतका विश्वास ठेवणाऱ्या शिकवणीत बाजार कोंडणाऱ्याला जागा नाही.

दोन दिरहम

आज आणि उद्या यांची वाटणी कशी करावी याचा एक नमुना अबू दाऊदमधील प्रसिद्ध घटनेत आहे. (काही हदीसतज्ज्ञ तिची सनद दुर्बल मानतात, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे, तिच्यातील कष्टाची शिकवण मात्र बुखारीतील सही हदीसने पक्की होते. दोरी घेऊन लाकडाची मोळी पाठीवर वाहणे हे मागण्यापेक्षा चांगले, असे तिच्यात सांगितले आहे.) एक अन्सारी सद्‌गृहस्थ मागायला आले. घरात काय आहे असे विचारले असता एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी प्यायचा एक वाडगा एवढेच निघाले. प्रेषितांनी (स.) ते मागवून स्वतः लिलाव केला. एकाने एक दिरहम बोली केली. यापेक्षा जास्त कोण देतो, असे दोन-तीनदा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. त्यातील एका दिरहमचे धान्य घरी द्यायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितले. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने बसवला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे फर्मावले. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते.

आमच्या कारागीर बंधूंनी ही घटना हिशेबाच्या नजरेने वाचावी. घरातल्या निरुपयोगी नव्हे, तर वापरातल्या वस्तू विकायला लावल्या, म्हणजे भांडवल घरातूनच उभे केले, कर्ज काढले नाही. पहिला दिरहम आजच्या भुकेला गेला. भुकेल्या घराला आधी कुऱ्हाड दाखवली नाही. दुसरा अवजाराला गेला, म्हणजे उद्याच्या कमाईला. कुऱ्हाड घेऊन दिली पण लाकूड त्यालाच तोडायचे होते. पंधरा दिवसांची मुदत दिली, कारण कोणताही धंदा पहिल्या दिवशी उभा राहत नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केहून रिकाम्या हाताने मदीनेला आले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. बनू कैनुकाच्या त्या बाजारातून ते संध्याकाळी थोडे पनीर आणि तूप कमावून आणत. पहिल्या दिवसाची कमाई तेवढीच होती.

रोजच्या भांडवलाचा आपल्याकडचा प्रश्न मोठा बिकट आहे. हातगाडीवाले, भाजी-फळवाले यांना काही बाजारांत पहाटे सावकार रक्कम देतो आणि संध्याकाळी जास्तीची वसूल करतो. समजा, सकाळी ४,५०० रुपये हातात आले आणि संध्याकाळी ५,००० परत करायचे. दिवसाला ५०० रुपये व्याज. वर्षात ३०० दिवस गाडी लागली तर १,५०,००० रुपये केवळ व्याजात जातात, आणि भांडवल वर्षअखेरीसही सावकाराचेच असते. एक दिवसाचे व्याज माणसाला व्याज वाटत नाही, 'खर्च' वाटतो, ही यातली खरी फसवणूक आहे. व्याज एका दिवसाचे असो वा वर्षाचे, हरामच. यातून आजच सुटता येत असेल तर आज सुटावे. नातेवाईक किंवा मोहल्ल्याचे बैतुलमाल यांच्याकडून कर्जे-हसना घ्यावे, ओळखीच्या अडत्याकडून संध्याकाळपर्यंत उधारीवर माल उचलावा, किंवा कोणी पैसा घालून नफ्याचा ठरलेला हिस्सा घ्यावा (यालाच मुदारबत म्हणतात). शिवाय रोज १०० रुपये डब्यात टाकले तर ४५ दिवसांत ४,५०० होतात. १५ दिवसांनी डब्यात १,५०० असतील, तेव्हा बाहेरून फक्त ३,००० लागतील. जो आज सावकाराच्या दारात अडकलेला आहे त्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ३,००० वर त्याच दराने ३३३ रुपये जातात, ५०० नव्हे. वाचलेले १६७ त्याच डब्यात गेले तर ४५ दिवसही लागत नाहीत. डबा घरातील स्त्रीच्या हाती असावा. का, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

जो उद्या आपला नाही तो विकू नये

भरवशाचा आणखी एक पैलू व्यवहाराच्या नियमांत आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. मदीनेत लोक झाडावरची फळे पिकण्याआधीच विकून टाकीत. तोडणीची वेळ आली की खरेदीदार तक्रार करी, खजूर काळा पडला, रोग लागला, फळ गळाले. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी या रोगांची नावेसुद्धा सांगितली आहेत. भांडणे फार होऊ लागली तेव्हा फळ पक्वतेला येईपर्यंत विकण्यास मनाई झाली. अल्लाहने फळच रोखले तर तुम्ही भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार, असा सवाल प्रेषितांनी (स.) केला. उद्याची कमाई कोणाला ठाऊक नाही, ही लुकमानची आयत येथे व्यापाराचा कायदा होऊन आली आहे.

आमच्या बागवान वाचकांना हा विषय परका नाही. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर घेतली जाते, विदर्भात संत्र्याचा बहार आधीच घेतला जातो. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की एक घर बसते. बागवाल्याचे किंवा व्यापाऱ्याचे. बहुतेक फकीहांच्या मते फळ पक्वतेला येण्यापूर्वी ते झाडावर ठेवण्याच्या अटीने केलेला असा सौदा वैध नाही. ज्यांना आगाऊ व्यवहार करायचाच आहे त्यांच्यासाठी सलमचा मार्ग खुला आहे. त्यात किंमत सौद्याच्या वेळी पूर्ण द्यावी लागते. मालाचा प्रकार, प्रत, वजन आणि देण्याची तारीख पक्की ठरते. आणि माल अमुकच बागेचा हवा अशी अट घालता येत नाही, म्हणजे एक बाग गेली तरी बाजारातून तो माल आणून देता येतो. बागायतदाराला हंगामाआधी रोख मिळते, व्यापाऱ्याला माल मिळण्याची हमी मिळते. तपशील आपापल्या मस्लकच्या आलिमांकडून विचारून घ्यावा. सौदा करण्यापूर्वी विचारावा, झाल्यानंतर नव्हे.

मालकाचा उद्या, मजुराचा आज

हे सर्व सुकाळात बोलणे सोपे. तवक्कुलची खरी परीक्षा बाजार बसतो तेव्हा होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. भिवंडी, मालेगाव ही मागांची गावे रोखीवर चालणारी. मजुरी आठवड्याला आणि नोटांत. सूत होते, माग होते, विणणारे हात होते, पण पगार द्यायला चालणाऱ्या नोटा नव्हत्या. माग थांबले, पाळ्या कमी झाल्या, परप्रांतीय कामगार गावी परतले. मग २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली. त्या वर्षीचा रमजान पूर्णपणे टाळेबंदीत गेला. कपडे, चप्पल, बांगड्या, शेवया, अत्तर या धंद्यांची वर्षाची कमाई ज्या महिन्यात होते तो महिना कुलुपाआड गेला.

त्या दिवसांत दोन प्रकारचे मालक दिसले. एकाने पहिल्याच आठवड्यात "पुढे काय होणार माहीत नाही" म्हणून मजुरांचा झालेल्या कामाचाही पैसा अडकवून ठेवला. दुसऱ्याने झालेल्या कामाचा हिशेब चुकता केला, आणि पुढे काम देता येणार नाही हे तोंडावर सांगितले. जमले त्याने धान्यही दिले. पहिला मालक दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. बहुधा तो घाबरलेला असतो. परंतु त्याच्या सहा महिन्यांनंतरच्या भीतीची किंमत मजुराच्या चुलीने त्याच संध्याकाळी मोजली. काम पुरते करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, अशी हदीस बुखारीत आहे. ज्या मालकाची त्या खटल्यात समोरची बाजू अल्लाहच असणार, त्याने आपला वकील कोणाला करावे?

हेच घेणेकऱ्यांबाबत. देणेकरी अडचणीत असेल तर सवड येईपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, ही कुरआनची शिकवण आहे. पण मुदत अडचणीत असलेल्याला आहे. ज्याच्या दारात नवी गाडी उभी आहे आणि जो सुतवाल्याला तीन महिने फिरवतो, त्याच्यासाठी ती आयत नाही. ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, हे हदीसने स्पष्ट केले आहे. घाऊक व्यापाऱ्यांकडून "बाजार मंदा आहे" हे उत्तर लहान कारागिराला सवयीने दिले जाते. शिंप्याने शिवलेले, विणकराने विणलेले, शिकलगाराने धार लावून दिलेले काम आजचे असते. त्याचे पैसे द्यायला बाजार तेजीत येण्याची वाट पाहणे हा कोणत्याच प्रकारचा तवक्कुल नव्हे.

शुक्रवारविषयी थोडेसे सांगायचे आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, हे सर्वांना माहीत आहे. इतर शहरांत आपली दुकाने चालू असतात, आणि त्यात काही गैर नाही. जुम्आच्या सूरहने अजान झाल्यावर खरेदी-विक्री सोडायला सांगितली आणि नमाज झाल्यावर जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा, म्हणजे रोजी, शोधायला सांगितली. मधला वेळ फार तर तासाभराचा. तेवढ्या तासात एखादे मोठे गिऱ्हाईक निसटेल या भीतीने शटर अर्धे ओढून नोकराला बसवून जाणारे, किंवा त्या नोकराचीही नमाज बुडवणारे दुकानदार आमच्या पाहण्यात आहेत. एका तासाचा भरवसा जमत नसेल तर दिवसाच्या भरवशाचा धडा पुढे नेण्याआधी तेथूनच सुरुवात करावी. जुम्आच्या दिवशी दुकानाच्या दारावर 'नमाजसाठी बंद, अमुक वाजता उघडेल' अशी पाटी लावावी आणि लिहिलेल्या वेळी खरोखर उघडावे.

शेवटी, वर सांगितलेल्या डब्याविषयी अनेकांच्या मनात येणाऱ्या शंकेचा खुलासा करतो. रोजच्या बचतीवर जकात येते काय? डब्यातील रक्कम, दुकानातील विक्रीचा माल आणि हाती येण्याची खात्री असलेली उधारी मिळून निसाब पूर्ण होत असेल आणि चांद्रवर्ष उलटले असेल तर अडीच टक्के जकात द्यावी लागते. हनफी उलमा आपल्याकडे चांदीचा निसाब ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे साडेबावन्न तोळे, धरतात. त्या दिवसाचा चांदीचा भाव सराफाकडून विचारून हिशेब करावा. माग, शिलाईयंत्र, हातगाडी, काटा यांसारख्या अवजारांवर जकात नाही. त्यांनी तयार होणाऱ्या विक्रीच्या मालावर आहे. कोकणातील शाफई बंधूंनी आपल्या उलमांकडून तपशील पडताळून घ्यावा. तारीख एकदा ठरवली की ती दरवर्षी तीच ठेवावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर हिजरी महिन्यासह लिहून ठेवावी.